दिल्लीत ‘नागपूर हाऊस’ का नाही? हैदराबाद हाऊसबद्दल सविस्तर उत्तर

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलाने विचारलंय: परदेशी पंतप्रधान किंवा राष्ट्राध्यक्ष आले की बातम्यांत दिल्लीचं हैदराबाद हाऊस दिसतं. ते नेमकं कोणाचं? परराष्ट्र मंत्रालयाकडे कसं गेलं? हैदराबाद, बडोदा, जयपूर, बिकानेर, पतियाळा अशी सगळ्यांची ‘हाऊस’ दिल्लीत आहेत, मग आपल्या भोसल्यांचं का नाही? आणि महालातल्या वाड्याचा असा उपयोग कधी का झाला नाही?

मी नागपुरात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं आणि संवर्धनाचं काम करतो. त्यामुळे उत्तरात इतिहासाबरोबर भिंती आणि जिनेही येतील.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांचा धागा तिथेच सापडतो. दिल्लीत राजेरजवाड्यांची ही घरं उभी राहिली ती १९२० नंतर. तोवर नागपूरचं राज्य जाऊन पासष्टेक वर्षं उलटली होती. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले, पोटी मुलगा नव्हता, डलहौसीने दत्तक मानला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. ज्याला राज्य नाही त्याला नरेंद्रमंडळात, म्हणजे संस्थानिकांच्या दिल्लीतल्या सभेत, खुर्ची नाही, आणि खुर्ची नाही त्याला नव्या राजधानीत भूखंड नाही. इतकं ते सरळ आहे.

पण त्याला एक पोटकथा आहे आणि ती परीक्षेच्या पुस्तकांत एका ओळीत उरकलेली असते. भोसल्यांच्या हातून गेलेला एक मोठा मुलूख निजामाच्या पदरात पडला होता. हैदराबाद हाऊसचं बांधकाम निघालं, नेमक्या त्याच सुमाराला त्या मुलखावरून निजाम आणि व्हाइसरॉय यांची जुंपली होती. तो मुलूख म्हणजे आपला वऱ्हाड.

१८०३ मध्ये असई, अडगाव आणि शेवटी गाविलगड असे तिन्ही ठिकाणी इंग्रजांनी मराठ्यांना हरवलं. १७ डिसेंबर १८०३ ला देवगावचा तह झाला. दुसऱ्या रघूजींनी कटक इंग्रजांना दिलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला. तो गेला इंग्रजांच्या दोस्ताकडे, म्हणजे निजामाकडे. त्याआधी वऱ्हाडात भोसले आणि निजाम दोघांचाही अंमल चाले, महसुलाची वाटणी होई. तहानंतर भोसल्यांचा वाटा संपला. पुढे निजामाच्या गळ्यात ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाची इंग्रजी अधिकाऱ्यांची फौज बांधली गेली. तिच्या खर्चाची थकबाकी वाढत गेली आणि १८५३ मध्ये कंपनीने त्या थकबाकीपोटी वऱ्हाड स्वतःच्या ताब्यात घेतला. साल बघा, त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरची गादीही रिकामी झाली. वर्षभराच्या आत इंग्रजांनी वर्धा नदीचे दोन्ही काठ धरले, एक कर्जाच्या नावाने आणि दुसरा वारसाच्या नावाने.

मालकी मात्र कागदावर निजामाचीच राहिली. हैदराबादचे दिवाण सर सालारजंगांनी वऱ्हाड परत मिळवण्यासाठी जंग जंग पछाडलं, उपयोग झाला नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन स्वतः हैदराबादला गेला, सहाव्या निजामाशी, महबूब अली खानांशी, बोलला, आणि ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारात वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे गेला. भाडं ठरलं वर्षाला २५ लाख रुपये. बदल्यात निजामाला जी. सी. बी. हा किताब मिळाला, तेव्हा लोकांनी त्या तीन अक्षरांची फोड ‘गेव्ह कर्झन बेरार’ (कर्झनला बेरार, म्हणजे वऱ्हाड, दिला) अशी केली. १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरकडे, म्हणजे नागपुरातून, चालू लागला. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळच्या माणसाचा राजा हैदराबादेत, सरकार नागपुरात आणि सरकारचं सरकार कलकत्त्याला, अशी ती तऱ्हा होती.

आता दिल्लीकडे वळू. १२ डिसेंबर १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवायचं जाहीर झालं. १९२१ मध्ये नरेंद्रमंडळाचं उद्घाटन झालं, म्हणजे संस्थानिकांना दरवर्षी दिल्लीत यायचं कारण मिळालं. येणार तर उतरणार कुठे? हॉटेलात उतरणं एकवीस तोफांच्या सलामीवाल्याला शोभत नाही. मग किंग्जवेच्या (आजच्या कर्तव्य पथाच्या) पूर्वेच्या टोकाला, आज जिथे इंडिया गेट आहे त्या षट्कोनाभोवती, मोठ्या संस्थानांना भूखंड दिले गेले. यातली खोच लक्षात घ्या. व्हाइसरॉयचं घर रायसीना टेकडीवर, रस्त्याच्या पश्चिम टोकाला. राजे दुसऱ्या टोकाला, जवळपास तीन किलोमीटर लांब. एका सरळ रेषेत, समोरासमोर, पण पायथ्याशी. नकाशेही सरकारच्या मंजुरीनेच व्हायचे. कोणी किती उंच जायचं हे आधीच ठरलेलं.

सातव्या निजामाने, मीर उस्मान अली खानांनी, आर्किटेक्ट निवडला तोही व्हाइसरॉयचाच, एडविन लुटियन्स. बडोद्याच्या घराचं कामही त्याच्याकडेच होतं. हैदराबाद हाऊसचं बांधकाम १९२६ ते १९२८ या काळातलं. आणि २७ मार्च १९२६ ला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने निजामाला ते प्रसिद्ध पत्र लिहिलं. निजामाने वऱ्हाड परत मागितला होता, आणि मागताना अशी भूमिका घेतली होती की परराष्ट्र व्यवहार सोडला तर अंतर्गत बाबतीत आपण इंग्रज सरकारच्या बरोबरीचे आहोत. रीडिंगने उत्तर दिलं की हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ता सर्वोच्च आहे, कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी करू शकत नाही. स्पर्धा परीक्षेला ‘सार्वभौम सत्ता’ या मुद्द्याखाली हे पत्र हमखास येतं. त्याच्यामागे वऱ्हाड आहे, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

म्हणजे ज्या वर्षी निजामाला ‘तू बरोबरीचा नाहीस’ असं लेखी कळवलं गेलं, त्याच वर्षी तो व्हाइसरॉयच्या रस्त्यावर, व्हाइसरॉयच्याच आर्किटेक्टकडून, घुमटवालं घर बांधून घेत होता. माझं मत विचाराल तर हैदराबाद हाऊस १९७४ मध्ये राजनैतिक कामाला लागलं असं म्हणणं अर्धवट आहे. पहिल्या विटेपासून ते त्याच कामासाठी होतं. पलीकडच्या बाजूला कोण बसतो, एवढंच बदललं.

आता थोडा हिशेब. या वास्तूचा खर्च सर्वत्र साधारण २ लाख पौंड सांगितला जातो. त्या काळात रुपयाचा भाव १ शिलिंग ६ पेन्स ठरला होता, म्हणजे एका पौंडाचे सुमारे १३ रुपये ५ आणे. २ लाख पौंडांचे झाले साधारण २६ ते २७ लाख रुपये. वऱ्हाडचं वर्षाचं भाडं २५ लाख! वऱ्हाडच्या पैशातूनच घर बांधलं असं मी म्हणत नाही, निजामाला पैशाची ददात नव्हती. पण मोजमाप म्हणून लक्षात ठेवा: दिल्लीतलं ते घर म्हणजे वऱ्हाडचं एका वर्षाचं भाडं, वर थोडी चिल्लर.

१९३६ मध्ये वादावर तोड निघाली, तीही पुन्हा मानमरातबाची. २४ ऑक्टोबर १९३६ च्या कराराने निजामाचं वऱ्हाडवरचं सार्वभौमत्व कागदावर मान्य झालं, ‘हैदराबाद व वऱ्हाडचे निजाम’ असा किताब मिळाला, आणि युवराज आझम जाह झाले ‘प्रिन्स ऑफ बेरार’. त्यांच्या पत्नी दुर्रू शेहवार या तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाच्या कन्या. १९३१ मध्ये फ्रान्सच्या नीस शहरात लग्न झालेली ऑटोमन राजकन्या पुढे ‘वऱ्हाडची युवराज्ञी’ म्हणवली जात होती. अमरावतीच्या कापूस बाजारात कोणाला तरी हे सांगून बघा. कारभार अर्थातच नागपूरच्या सचिवालयातूनच चालू राहिला.

मग इमारत कशी आहे? षट्कोनाच्या एका कोपऱ्यावरचा भूखंड पाचरीसारखा असतो, तिथे चौकोनी वाडा नीट बसत नाही. लुटियन्सने फुलपाखराचा आकार घेतला: मध्ये घुमटाखाली गोल प्रवेशदालन आणि तिथून दोन पंख तिरके मागे गेलेले. घुमटाचं नातं समोरच्या व्हाइसरॉय भवनाशी लावलेलं, पण आकार बेताचा. बाकी सगळा युरोपी थाट: गोल कमानी, कारंज्यांचे हौद, दगडी कलश, उंच निमुळते स्तंभ, शेकोट्या, भव्य जिना. दिल्लीच्या थंडीत शेकोटी समजू शकते. हैदराबादच्या माणसाला मात्र हे घर परकंच वाटलं असणार. छत्तीस खोल्या, त्यात स्वतंत्र जनाना. निजामाला आणि त्याच्या मुलांना ते फार विलायती वाटलं, आवडलं नाही, असं त्या काळापासून सांगत आलेत. तो तिथे क्वचितच राहिला, एवढं खरं.

न आवडलेलं घर परराष्ट्र मंत्रालयाला इतकं कसं मानवलं, याचं उत्तर नकाशातच आहे. राजवाड्याला मुळातच दोन तोंडं लागतात: पाहुण्यांना दाखवायची बाजू आणि घरच्यांनी वावरायची बाजू. दोघांचे रस्ते एकमेकांत येता कामा नयेत. पाहुणा घुमटाखालून आत येणार, स्वागत तिथेच. एका अंगाला बसायची-बोलायची दालनं, जेवणाची दालनं, मागे बागेकडे उघडणारी गच्ची. नोकरचाकर, मुदपाकखाना, सामान वेगळ्या वाटेने. शिखर बैठकीची गरज यापेक्षा वेगळी काय असते? दोन शिष्टमंडळं, स्वतंत्र प्रतीक्षा, एक मोठं टेबल, पत्रकारांसाठी एक दालन, पंगत वाढायची जागा आणि दोन नेत्यांना चार पावलं एकटं चालता येईल अशी हिरवळ. भिंती न पाडता हे सगळं तिथे बसतं. आमच्या धंद्यात याला फार किंमत आहे.

याउलट कचेरी ही जुन्या वाड्याची सवत. नागपुरातल्या अशाच एका जुन्या दगडी इमारतीचं काम आम्ही केलं, तिथे कित्येक वर्षं एक कार्यालय होतं. उंच दालनाचे प्लायवूडच्या पार्टिशननी सहा तुकडे केलेले, लाकडी छत फॉल्स सीलिंगमागे गडप, आणि प्रत्येक खिडकीत कूलर. आपला उन्हाळा बघता कूलरला कोणी दोष देणार नाही, पण खिडकीखालच्या दगडावर वर्षानुवर्षं तेच खारट पाणी झिरपून पांढरे फराटे उमटले होते. बोट फिरवलं की दगडाची पूड हाताला येई. चुन्याचे सांधे आतून पोकळ, कारण वरून कोणीतरी सिमेंटचा गिलावा थापून ओल आत कोंडली होती. वर्षातून मोजके दिवस पूर्ण दिमाखात वापरली जाणारी आणि बाकी वेळ झाडून पुसून ठेवली जाणारी इमारत यातून वाचते. शेजारची घरं बघा: पतियाळा हाऊसमध्ये न्यायालयं, बडोदा हाऊसमध्ये उत्तर रेल्वेचं मुख्यालय. रोज हजारो माणसं आणि फायलींचे गठ्ठे सोसणं त्यांच्या नशिबी आलं.

मालकीचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९४७ मध्ये सार्वभौम सत्ता संपताना निजामाने वऱ्हाडवरचा हक्क पुन्हा पुढे केला, पण सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने तो विषयच मिटला. निजाम १९५६ पर्यंत राजप्रमुख, म्हणजे हैदराबाद राज्याचा नामधारी प्रमुख, राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले: तेलंगण आंध्र प्रदेशात, मराठवाडा मुंबई राज्यात. त्याच दिवशी आपला विदर्भही मुंबई राज्यात गेला आणि नागपूरची राजधानी गेली. दिल्लीतलं घर आंध्र प्रदेशाच्या वाट्याला आलं. १९६७ मध्ये सातवा निजाम वारला, १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले, आणि १९७४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने हैदराबाद हाऊस आंध्र सरकारकडून घेतलं. शेजारचं आंध्र भवन याच नात्याची खूण. तिथल्या उपाहारगृहातल्या आंध्र थाळीसाठी दिल्लीकर रांगा लावतात, आणि तिखट जेवायची सवय असलेल्या नागपूरकराची तिथे गैरसोय होत नाही.

परराष्ट्र मंत्रालय हे घर कसं वापरतं, ते एका दिवसाच्या क्रमाने समजून घ्या. शासकीय भेटीवर आलेल्या पाहुण्याचं औपचारिक स्वागत, तिन्ही दलांची मानवंदना, हे सगळं राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात. तिथून राजघाटावर पुष्पचक्र. मग हैदराबाद हाऊस: दारात दोन्ही देशांच्या झेंड्यांसमोर पंतप्रधानांशी हस्तांदोलन आणि फोटो, आधी मोजक्या लोकांची बैठक, मग शिष्टमंडळांची चर्चा, करारांच्या प्रतींची देवाणघेवाण, दोघांची पत्रकारांसमोर निवेदनं आणि पंतप्रधानांकडून भोजन. संध्याकाळी पाहुणा पुन्हा राष्ट्रपती भवनात, राष्ट्रपतींच्या मेजवानीला. थोडक्यात, मान राष्ट्रपती भवनात आणि काम हैदराबाद हाऊसमध्ये. हा क्रम शिष्टाचार विभाग बसवतो. कोण कुठल्या दारातून येणार, कोणाची खुर्ची कुठे, झेंडा डावीकडे की उजवीकडे, यात मिनिटाचीही ढिलाई चालत नाही. खानपानाची व्यवस्था वर्षानुवर्षं भारत पर्यटन विकास महामंडळाकडे राहिली आहे.

इथे घडलेल्या गोष्टींतल्या तीन लक्षात ठेवा. २ मार्च २००६ ला अणुकराराबाबत एकमत झाल्याचं मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांनी इथेच जाहीर केलं. जानेवारी २०१५ मध्ये बराक ओबामा आणि नरेंद्र मोदी यांचा हिरवळीवरचा चहा देशभर टीव्हीवर गाजला. आणि १२ डिसेंबर २०१५ ला जपानचे शिंझो आबे आले तेव्हा मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा समझोता इथे झाला. एक सावधगिरी: कोलकात्याचा ‘निजाम पॅलेस’ म्हणजे हे नव्हे. तिथे केंद्र सरकारची कार्यालयं आहेत आणि बातम्यांत तो सीबीआयमुळे येतो. हैदराबादचा फलकनुमाही वेगळा, तिथे आता हॉटेल आहे.

आता महालातल्या वाड्याविषयी. भोसल्यांचा जुना राजवाडा काळ्या पाषाणाचा होता, त्यावर लाकडी कोरीवकामाची रेलचेल. राज्य गेल्यावर जेमतेम दहा वर्षांनी, १८६४ मध्ये, तो आगीत गेला. नगारखाना तेवढा उरला. म्हणजे वाडाही नाही आणि दरबारही नाही. लाकूड इतकं असेल तर आग किती वेगाने चढते हे मी जुन्या वाड्यांच्या कामात जवळून बघतो: मजल्याच्या तक्तपोशीमागे पोकळी असते, ज्वाळा दिसायच्या आधी धूर आतल्या आत दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो. त्या काळात विहिरीच्या पाण्याने ती विझणं अवघडच.

राजनैतिक इमारत म्हणून नागपूरला एक होती, फक्त ती भोसल्यांची नव्हती. सीताबर्डीची रेसिडेन्सी. भोसल्यांच्या दरबारातला इंग्रज वकील तिथे बसायचा. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ची सीताबर्डीची लढाई झाली तेव्हा रेसिडेंट जेन्किन्स होता, आणि इंग्रज फौज टेकडीवर चढली ती रेसिडेन्सी वाचवायला. अप्पासाहेब भोसले हरले आणि त्यानंतर नागपूरचा खरा कारभार रेसिडेंटच्या टेबलावर गेला. परदेशी वकिलाचं घर राजधानीच्या कुठल्या अंगाला आहे आणि त्याच्या मागे टेकडी कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न तेव्हाही महत्त्वाचा होता. रायसीना टेकडी कोणासाठी राखून ठेवली होती, ते वर आलंच आहे.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर: हैदराबाद हाऊस सर्वसामान्यांना खुलं नाही, फाटकातून घुमट आणि दर्शनी भाग तेवढा दिसतो. फोटो काढताना पहारेकऱ्यांशी वाद घालू नका. पण तोच आराखडा आतून अनुभवायचा असेल तर षट्कोनावरच्याच जयपूर हाऊसमध्ये जा. तेही घुमट आणि दोन पंख अशाच फुलपाखरी आकाराचं आहे, चार्ल्स ब्लूमफील्डचं काम, आणि १९५४ पासून तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. सोमवारी बंद असतं. आत गेल्यावर मध्यभागी थांबा आणि दोन्ही पंखांकडे बघा; पाहुण्याला एका बाजूला आणि घरच्यांना दुसऱ्या बाजूला कसं वळवता येतं ते पायाला कळेल. नंतर बिकानेर हाऊस, तिथे प्रदर्शनं चालू असतात. भूक लागली की आंध्र भवन, पण दुपारी दीड वाजता जाऊ नका, रांग फार असते.